मशीन म्हणतं नाणं, खणलं की खिळा! नेमकं काय चुकतंय?

रानवाट

नमस्कार मंडळी, इथे पहिल्यांदाच लिहितेय. जुन्या नाण्यांचं वेड शाळेपासूनचं, पण आजवर ते अदलाबदलीत मिळालेल्या नाण्यांपुरतंच होतं. आता मेटल डिटेक्टर घेतला आहे. १२ किलोहर्ट्झच्या एकाच फ्रिक्वेन्सीवर चालणारा, ११ इंची डीडी कॉइल (जमिनीवरून फिरवायची चकती, आत डी आकाराची दोन वेटोळी), पडद्यावर ० ते ९९ आकडे. मामांच्या शेतात फिरते. मामांची परवानगी आहे, अट एकच: मागे खड्डा दिसता कामा नये.

शेताच्या खालच्या अंगाला ओढा आहे आणि तो ओलांडायचा जुना उतार. मामा सांगतात, पूल व्हायच्या आधी सगळी ये-जा तिथूनच व्हायची. म्हणून मी तिथेच ठाण मांडलंय. पण मिळतं काय? गंजके खिळे, सोड्याच्या बाटल्यांची बुचं, गोळ्यांच्या पाकिटांचा चंदेरी कागद, फाळाचा तुकडा आणि अर्धी नाल.

माझं दुखणं असं. पडद्यावर ८०-८५ येतात, म्हणजे माहितीपुस्तिकेप्रमाणे तांबं नाहीतर चांदी. खणते तर निघतो खिळा. कधी कधी खणायला लागल्यावर सिग्नलच गायब होतो आणि मी रिकाम्या खड्ड्याकडे बघत बसते. वैतागून डिस्क्रिमिनेशन (ठरावीक आकड्याखालचे धातू मुके करायची सोय) ४० वर नेलं, लोखंड सगळं बंद. तर मशीन जवळजवळ मुकंच झालं.

एक नाणं मात्र सापडलं! तांब्याचं, जाड, कडा वेडीवाकडी, सगळं हिरवं पडलेलं. एका बाजूला अक्षरासारखं काहीतरी आहे, पण वाचता येत नाही. व्हिनेगरमध्ये टाकू का? मैत्रीण म्हणते लिंबू आणि मीठ लाव. हात नुसते शिवशिवतायत. आणि जास्त खोल जायला मोठी कॉइल घ्यावी का?

बिनतारी

मशीन बदला. एका फ्रिक्वेन्सीचा जमाना गेला, आता मल्टी घ्यायचं. डिस्क्रिमिनेशन ४० वर ठेवलंत ते बरोबरच आहे, खिळे काढत कंबर कशाला मोडून घ्यायची? नाणं रात्रभर व्हिनेगरमध्ये, सकाळी ब्रश. आरशासारखं होतं.

टांकसाळ

रानवाट, बिनतारींचं शेवटचं वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं समजा. नाण्याला आत्ता काहीही करू नका. कागदाच्या पाकिटात कोरडं ठेवा, त्याच्याकडे खाली येतो.

आधी मशीन. ते धड आहे. मुळात ते नाणं ओळखतच नाही, हे एकदा पक्कं समजून घ्या म्हणजे निम्मा वैताग कमी होईल. कॉइलमधून चुंबकीय क्षेत्र जमिनीत जातं, धातूत त्यामुळे भोवरी प्रवाह फिरतात, आणि त्या प्रवाहांचा प्रतिसाद दुसऱ्या वेटोळ्यात किंचित उशिराने पोचतो. किती उशिराने, त्यावरून मशीन आकडा ठरवतं. त्या उशिरात धातूचा प्रकार येतो, तसा आकार, जाडी, जमिनीतली बसण्याची दिशा आणि आजूबाजूची मातीही येते. चांदीचं पातळ, नखाएवढं नाणं अॅल्युमिनियमच्या तुकड्याच्या आकड्यावर येऊन बसतं. सोन्याचं छोटं नाणं तर चंदेरी कागदाच्या शेजारीच. तुमच्या पुस्तिकेतला तक्ता ताज्या नाण्यांवर, हवेत धरून केलेला असतो. पडदा नसलेली मशीन वापरणारे जुने लोक अजून आहेत आणि त्यांच्या थैल्या रिकाम्या नसतात.

मग खिळा ८५ का दाखवतो? खिळा लांबट असतो. त्याच्यावरून एका दिशेने गेलात की लोखंड म्हणून कुरकुरतो, टोकाकडून आलात की मध्येच उंच सूर लावतो. बुचासारखं पत्र्याचं गोल, चपटं लोखंड तर याहून लबाड. पण हे सोंग पकडता येतं. सिग्नल लागला की जागेवर उभं राहून तीन-चार वेळा कॉइल फिरवा, मग ९० अंश वळून त्याच जागेवरून आडवी न्या. सपाट पडलेलं नाणं दोन्ही दिशांनी तोच सूर देतं, आखूड आणि स्वच्छ, कडेला घरघर नाही. खिळा वळल्यावर आवाज बदलतो, तुटतो, नाहीतर सूर एकीकडे सरकतो. सरकण्याकडे विशेष लक्ष द्या: उंच सूर जिथे वाजतो आणि पिनपॉइंट दाबल्यावर जागा जिथे दिसते, त्यात वीतभर अंतर असेल तर बहुतेक लोखंडच. आकडा ८२, ८३, ८२ असा एका जागी राहिला तर खणा. ८४, ३०, ९१, १२ असा उड्या मारत असेल तर मनाची तयारी ठेवून खणा. पण खणा.

सिग्नल गायब होण्याचं कारण बहुधा गंज. लोखंड वर्षानुवर्षं मातीत गंजतं तसा गंज भोवतालच्या मातीत मुरतो आणि मशीनला मूळ खिळ्यापेक्षा मोठं काहीतरी दिसतं. तुम्ही माती हलवलीत की तो गोळा फुटतो, उरतो किडकिडीत खिळा, आणि तो डिस्क्रिमिनेशनखाली गप्प होतो. दुसरी शक्यता जास्त मोलाची. वस्तू खड्ड्याच्या भिंतीत आहे आणि तुमच्या खुरप्याने ती उभी झाली. कडेवर उभं राहिलेलं नाणं सपाट नाण्यापेक्षा फार क्षीण वाजतं. खड्डा रिकामा वाटला तरी भिंती आणि काढलेली माती दोन्ही तपासल्याशिवाय उठू नका. त्यासाठी हातात धरायचा पिनपॉइंटर (नेमकी जागा दाखवणारी छोटी कांडी) घ्या, मोठ्या कॉइलपेक्षा आधी.

आता डिस्क्रिमिनेशन. बिनतारी, इथे मी तुमच्याशी भांडणार. जुन्या उतारावर, वाटेवर, बाजार भरायच्या जागेवर लोखंड असणारच, कारण माणसं असणारच. लोखंड नसलेल्या जागी नाणंही क्वचितच मिळतं. खिळा आणि नाणं चार बोटांच्या अंतरावर असले आणि तुम्ही खिळ्याला मुकं केलंत, की त्याला गप्प बसवता बसवता मशीनला शेजारचं नाणंही ऐकू येत नाही. शिवाय खोलवरच्या नाण्याचा आकडा मातीच्या खनिजांमुळे खाली घसरतो, विशेषतः बेसाल्टपासून बनलेल्या काळ्या मातीत, कारण तिच्यात मॅग्नेटाइट असतं. वीस सेंटिमीटरवरचं तांब्याचं नाणं तिथे लोखंडासारखं कुरकुरू शकतं. म्हणजे ४० वर नेऊन तुम्ही नेमकी जुनी आणि खोल नाणी बंद केलीत. शून्यावर आणा. लोखंडाला खालचा, जाड आवाज ठेवायची सोय बहुतेक मशीनमध्ये असते, तो ठेवा. सुरुवातीला गोंगाटाने डोकं उठेल. थोड्या दिवसांनी कानच निवड करायला लागतात.

मोठी कॉइल नको. उतारावर तुम्हाला लहान हवी, सहा इंची वगैरे. मोठी कॉइल खोल बघते खरी, पण एका वेळी दहा तुकडे पाहते आणि त्यांची खिचडी करते. लहान कॉइल खिळ्यांच्या मधून वाट काढते. वर मोकळ्या शेतात ११ इंची छान आहे. या जातीची मशीनं नाण्याएवढी वस्तू १५ ते २५ सेंटिमीटरवर दाखवतात. त्याहून खोलीच्या जाहिरातींवर डोकं शिणवू नका.

हात कसा फिरवता ते लिहिलं नाहीत. दहापैकी आठजण झोपाळ्यासारखी कॉइल हलवतात, दोन्ही टोकांना वर उचलली जाते. पाच सेंटिमीटर वर उचललीत की तेवढीच खोली गेली. जमिनीपासून दोन बोटांवर, सपाट, सावकाश, आणि प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर निम्मी चढवून. नांगरटीत ढेकळं असतील तर हे जमत नाही, म्हणून पाऊस पडून ढेकळं विरघळल्यावर जा. ओली माती मऊ असते, आणि बहुतेकांचा अनुभव असा की सिग्नलही बरा येतो. ग्राउंड बॅलन्स, म्हणजे मातीचा स्वतःचा आवाज बाद करणं, मात्र उताराला वेगळा, वरच्या शेताला वेगळा. स्वच्छ जागा शोधून कॉइल वर-खाली करत आवाज सपाट होईपर्यंत लावायचा. विजेच्या तारांखाली मशीन बडबडायला लागलं तर सेन्सिटिव्हिटी उतरवा, फोन विमान मोडवर टाका.

पायात पोलादी टोपीचे बूट नकोत आणि फावडं कॉइलजवळ टेकवू नका. हसू नका. १८८१ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांना गोळी लागली तेव्हा अलेक्झांडर ग्रॅहम बेल स्वतः बनवलेलं इंडक्शनचं यंत्र घेऊन गोळी शोधायला गेले होते. गोळी सापडली नाही. गादीतल्या धातूच्या स्प्रिंगांनी घोळ घातला असं सांगतात, शिवाय डॉक्टरांनी शरीराची उजवीच बाजू तपासू दिली होती, गोळी डावीकडे. आपल्या छंदाचा मूळपुरुषच शेजारच्या लोखंडाने फसला म्हणायचं.

घरी एक सराव करा. लाकडी फळीवर एक तांब्याचं नाणं ठेवा, शेजारी तीन-चार गंजके खिळे. खिळ्यांच्या जागा बदलत कॉइल निरनिराळ्या दिशांनी फिरवा, पडद्यावर कागद चिकटवून. कुठल्या कोनातून नाणं डोकावतं ते कानाला कळू द्या. घरात वायरिंगमुळे मशीन चिडचिडं होतं, अंगणात करा.

नाण्याबद्दल. तो हिरवा थर मळ नाही. तांब्याचा वरचा भागच मातीशी संयोग पावून त्याचा थर झालेला असतो, आणि पुष्कळदा अक्षरं त्या थरातच उरलेली असतात. व्हिनेगर काय, लिंबू काय, आम्ल थर खातं आणि थराबरोबर अक्षर जातं. खाली उरतं गुलाबी, खड्डे पडलेलं तांबं. चकाचक, आणि आंधळं. नाणं आधी सावलीत पूर्ण सुकू द्या. माती आपोआप तडकते, लाकडी टोकाने भिंगाखाली जरा जरा सोडवा. निघत नसेल तर ऊर्ध्वपातित पाण्यात भिजवा, पाणी बदलत राहा, मग पुन्हा पूर्ण सुकवा. तिरप्या प्रकाशात, बॅटरी आडवी धरून फोटो काढा. जे डोळ्यांना दिसत नाही ते सावलीत उठून दिसतं. फिकट हिरवी, पिठासारखी भुकटी सुटत असेल तर ती वेगळी गोष्ट: क्लोराइडमुळे हवेतल्या ओलाव्याने तांबं आतून खाल्लं जातंय. तसं असेल तर सिलिका जेलच्या पुडीबरोबर बंद डबीत ठेवा आणि जतनाचं काम करणाऱ्याला दाखवा. पीव्हीसीच्या मऊ प्लास्टिक पाकिटात मात्र कधीच नको, त्यातून सुटणारं आम्ल नाण्यावर हिरवा चिकटा आणतं.

बिनतारी

चार वाक्यं लिहिली, प्रबंध आला 😀 व्हिनेगरचं मान्य नाही, माझी नाणी छान दिसतात. डिस्क्रिमिनेशनचं बघतो करून.

टांकसाळ

छान दिसतात म्हणजे कोणत्या राजाची ते दिसतं का?

ओहोटी

भांडू नका हो. रानवाट, मी समुद्रकिनाऱ्यावर फिरते, तुमच्यापेक्षा वेगळं जग आहे, तरी दोन शब्द. बिनतारींची मल्टी फ्रिक्वेन्सीची सूचना तुमच्या शेताला लागू नाही, पण ओल्या वाळूत ती खरीच. खारं पाणी वीज वाहून नेतं, त्यामुळे एका फ्रिक्वेन्सीच्या मशीनला सगळा किनारा म्हणजे एक मोठा धातूचा पत्रा वाटतो. तिथे मल्टी नाहीतर पल्स इंडक्शन, म्हणजे सलग लहरीऐवजी विजेचे झटके सोडणारं मशीन. पल्सवालं खोल जातं, खाऱ्या पाण्याला दाद देत नाही, पण लोखंड आणि चांदी यातला फरक त्याला जवळजवळ कळत नाही. सगळं खणायचं. वाळूत ते परवडतं, चाळणीच्या फावड्याचा एक हेलकावा आणि झालं. तुमच्या शेतात पल्सवालं नेलंत तर मामा हाकलून देतील.

फ्रिक्वेन्सीचं टांकसाळ काकांनी सोडून दिलं म्हणून लिहिते. कमी, म्हणजे ५-६ किलोहर्ट्झ, मोठ्या, जाड चांदी-तांब्याला चांगली. २० च्या वर पातळ, बारीक आणि कमी वाहक वस्तूंना. तुमचं १२ मधलं आहे, नाण्यांसाठी काहीच वाईट नाही.

खड्ड्याचं: गवत असेल तर तीन बाजू कापून चौथी बाजू बिजागरीसारखी ठेवा आणि ढेकूळ उलटा. माती शेजारी पसरलेल्या फडक्यावर काढा, काम झालं की फडकं आत रिकामं करा, ढेकूळ मिटवा, पायाने दाबा. मामांना जागा सापडणार नाही.

रानवाट

सगळ्यांचे मनापासून आभार. काकांचं उत्तर मोठ्याने वाचून दाखवलं, मामा गालात हसत होते.

शून्य डिस्क्रिमिनेशनवर दोन संध्याकाळी फिरले. डोकं खरंच उठतं! पण वळून आडवं बघायचं कळल्यापासून खिळे निम्म्याने कमी झाले. आणि उताराच्या थोडं वर, बांधालगत, तांब्याची आणखी नाणी निघाली. पहिल्यासारखीच जाड, दोन तर अगदी एकमेकांसारखी, हातभर अंतरात. मशीन अजून त्याच जागी वाजतंय, खाली मोठा, रुंद सिग्नल आहे. अंधार पडला म्हणून थांबले. उद्या कुदळ घेऊन जाऊ ना?

टांकसाळ

नाही. कुदळ घरी ठेवा.

एकेकटी, वेगवेगळ्या काळातली नाणी उतारावर विखुरलेली असतील तर ती वाटसरूंच्या कनवटीतून पडलेली. पण सारखी नाणी, हातभर जागेत, आणि खाली रुंद सिग्नल, म्हणजे कुणीतरी मुद्दाम ठेवलेला साठा असू शकतो आणि नांगराने त्याचा वरचा भाग ओढून वर आणलाय. मोठं लोखंडी भांडं किंवा फाळही असाच वाजतो, तेव्हा हुरळूनही जाऊ नका. पण साठा असेल तर तो खणायचं काम तुमचं नाही, आणि माझंही नाही.

का, ते सांगतो. २०१० साली इंग्लंडमध्ये सॉमरसेट परगण्यात, फ्रोम गावाजवळ, डेव्ह क्रिस्प नावाच्या छांदिष्टाला शेतात नाणी लागली. हात घातला तर खाली मातीच्या मडक्याचं तोंड. तो थांबला, खड्डा बुजवला आणि पुरातत्त्ववाल्यांना कळवलं. मडक्यात ५२,५०३ रोमन नाणी निघाली, वजन सुमारे १६० किलो. आता ऐका. मडकं जड म्हणून अख्खं उचलता येईना, तेव्हा त्यांनी ते थराथराने रिकामं केलं आणि प्रत्येक थर वेगळा ठेवला. नंतर नाणी ओळखल्यावर दिसलं की कॅरॉशिअस या राजाची, म्हणजे मडक्यातली सगळ्यात अलीकडची, बहुतेक नाणी मडक्याच्या खालच्या अर्ध्यात होती, आणि जुनी नाणी त्यांच्या वर. थोडी थोडी शिल्लक टाकत गेलं असतं तर नवी नाणी वर आली असती. म्हणजे मडकं बहुधा एकाच वेळी भरलं गेलं. त्यावरून अभ्यासकांनी असा तर्क मांडला की ही घाईत लपवलेली पुंजी नसून देवाला वाहिलेली भेट असू शकेल. क्रिस्पने त्या दिवशी दोन बादल्या भरून नाणी घरी नेली असती तर तीच ५२ हजार नाणी असती, फक्त हा प्रश्न विचारताच आला नसता.

१९९२ चं हॉक्स्नचं उदाहरण तर जास्तच गमतीचं. एका शेतकऱ्याचा हातोडा हरवला, त्याने डिटेक्टरवाल्या मित्राला, एरिक लॉझला, बोलावलं. हातोडा शोधताना सुमारे १५ हजार रोमन नाणी आणि सोन्याचांदीच्या वस्तू लागल्या. लॉझ थोडं काढून थांबला आणि कळवलं. त्यामुळे पेटीत काय कशाशेजारी रचलं होतं तेसुद्धा समजलं. हातोडाही पुढे सापडला, आणि तोही ब्रिटिश म्युझियममध्ये आहे!

तुम्ही उद्या एवढंच करा. जी नाणी वर आली त्यांच्या जागा जीपीएसवर नोंदवा, बांधाच्या दोन पक्क्या खुणांपासून टेपने अंतरही घ्या, कारण फोनचं जीपीएस चार-पाच मीटर सहज चुकतं. किती खोल, मातीचा रंग कसा, शेजारी खापर होतं का, लिहा. प्रत्येक नाणं वेगळ्या पाकिटात, पाकिटावर क्रमांक. वजन ०.०१ ग्रॅमपर्यंत, व्यास, आणि दोन्ही बाजूंच्या ठशांची परस्परदिशा: नाणं उभ्या अक्षावर उलटायचं आणि मागची आकृती घड्याळाच्या किती वाजल्याकडे डोकं करते ते लिहायचं. टांकसाळीत ठसे एकमेकांना जखडून ठेवले होते की मोकळे, याचा अंदाज त्यावरून येतो. भोक बुजवा, वर खूण ठेवू नका, गावभर बोलू नका. इथे जागेचं नाव लिहिलं नाहीत ते उत्तम केलंत, लिहूही नका. रात्री दुसऱ्यांच्या शेतात शिरून चोरून खणणारे हेच धागे चाळत असतात.

कलमकसाई

हा धागा मी कुणीतरी कायदा विचारेल म्हणून उघडा ठेवला होता. लांब लांब उत्तरं झाली, कुणी विचारेना. स्वतःच लिहितो.

रानवाट, तुम्ही कुठल्या देशात आहात ते सांगू नका, पण नियम मात्र तिथलेच बघा, कारण ते टोकाचे वेगळे आहेत. इंग्लंड-वेल्समध्ये जमीनमालकाच्या परवानगीने डिटेक्टर चालवता येतो. १९९६ च्या ट्रेझर कायद्याप्रमाणे एकाच ठिकाणची ३०० वर्षांहून जुनी, निदान १० टक्के सोनं किंवा चांदी असलेली दोन नाणीही ‘ट्रेझर’ ठरतात. तांब्यासारख्या कमी मोलाच्या धातूची असतील तर दहा लागतात. १४ दिवसांत कळवायचं. सुटी नाणी १९९७ पासून चालू असलेल्या पोर्टेबल अँटिक्विटीज योजनेत स्वखुशीने नोंदवता येतात. शेजारच्या आयर्लंडमध्ये याच्या उलट: पुरातन वस्तू शोधायला लेखी संमतीशिवाय डिटेक्टर चालवणं हाच गुन्हा.

भारतात असाल तर १८७८ चा निखात निधी कायदा अजून लागू आहे. जमिनीत दडलेलं, दहा रुपयांहून जास्त मोलाचं काहीही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळवायचं: काय, किती, कुठे, कधी. दहा रुपये १८७८ चे आहेत, बदललेले नाहीत, म्हणजे आज कुठलंही जुनं नाणं त्यात येतं. लपवलंत तर मिळणारा वाटा जातोच, वर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. १०० वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या पुरावस्तूंच्या कायद्याप्रमाणे पुरावस्तू. परवान्याशिवाय तिचा व्यापार नाही आणि खाजगी माणसाला ती देशाबाहेर नेता येत नाही. संरक्षित स्मारकाच्या आवारात डिटेक्टर घेऊन हिंडण्याचा विचारही नको.

मामांची परवानगी तोंडी असेल तर कागदावर घ्या, सापडलेल्या वस्तूत कुणाचा काय वाटा हेही त्यातच. घरातल्या माणसांत कागद कशाला, असं मामा म्हणतील. जास्त करून भांडणं घरातल्या माणसांतच लागतात.

रानवाट

कलमकसाई, कागद झाला. मामा खरंच तेच वाक्य बोलले! कळवण्याचा अर्जही आजच लिहितेय, नोंदवही आणि फोटो सोबत जोडते. भोक बुजवलंय, वर पाचोळा.

काका, ठशांची दिशा पाहिली. चार नाण्यांत चार वेगवेगळ्या. आणि तिरप्या प्रकाशात पहिल्या नाण्यावर अक्षराचा वरचा अर्धा भाग दिसला, खालचा नाण्याच्या बाहेरच गेलाय. असं का होतं?

टांकसाळ

ठसा नाण्यापेक्षा मोठा, म्हणून. हाताने ठोकलेल्या नाण्यात चकती आधी कापून तयार असते, खालचा ठसा ऐरणीत बसवलेला, वरचा हातात, त्यावर हातोड्याचा घाव. चकती ठशाहून लहान असली किंवा जरा बाजूला बसली तर मजकुराचा एक भाग हवेतच ठोकला जातो. चार नाण्यांत चार दिशा, म्हणजे वरचा ठसा मोकळा होता, कारागीर तो दर वेळी हवा तसा धरत होता.

आता एक करा. चारही नाण्यांचे फोटो एकाच मापात छापा, त्याच बाजूचे, आणि पारदर्शक कागदावर प्रत्येकावरचं दिसेल तेवढं अक्षर पेन्सिलीने गिरवा. हे कागद एकमेकांवर ठेवून सरकवत बसा. एका नाण्यावर वरचा भाग आला असेल, दुसऱ्यावर खालचा. ठसा एकच असेल तर रेषा बिनचूक जुळतात आणि पूर्ण मजकूर उभा राहतो. रेषा जवळपास येऊनही जुळत नसतील तर ठसे दोन आहेत. त्या नाण्यांच्या पाकिटांवर तसं लिहून ठेवा. अर्जाला गिरवलेल्या कागदांची एक प्रत लावा, मूळ कागद स्वतःकडे ठेवा.